मखमली गांधीलमाशी आणि गवारे मामांचं नाव

विठोबा गवारे यांचं नाव मी एका गांधीलमाशीला दिलं होतं. ते मलाच मागे घ्यावं लागणार, हे मला खांदेश्वरच्या एका सोसायटीत, मुलांच्या खेळायच्या वाळूत गुडघे टेकून बसलो असताना कळलं. सकाळचे साडेदहा वाजले होते. सोसायटीचे सेक्रेटरी भगत शेठ माझ्या मागे उभे राहून विचारत होते, "सर, औषध कवा मारायचा?"

आधी गवारे मामांविषयी सांगायला हवं. भूमच्या आमच्या शाळेत ते प्रयोगशाळेचे शिपाई होते. शिक्षण सातवी. माझे वडील आठवडी बाजारात स्टोव्ह आणि छत्र्या दुरुस्त करायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. कॉलेजात नेमकं काय करतात, हे सांगणारंही कुणी नव्हतं. शनिवारी शाळा अर्धा दिवस असायची. ती सुटली की मामा प्रयोगशाळा झाडून घ्यायचे, आणि मी आलेलो दिसलो तर कुलूप लावायचे नाहीत. शाळेत एकच मायक्रोस्कोप होता आणि तो तपासणीच्या दिवशीच कपाटाबाहेर यायचा. मामा तो माझ्यापुढे ठेवायचे आणि स्वतः दारात स्टुलावर बसून राहायचे. किड्याला टाचणी छातीच्या जरा उजव्या बाजूनं घालायची, खाली चिठ्ठी लावायची, चिठ्ठीवर गाव, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव लिहायचं, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. त्यांना ते शाळेतल्या एका जुन्या सरांनी शिकवलं होतं. दहावीनंतर वडिलांना बाजारात माझी मदत हवी होती. मामा घरी आले, दारातल्या दगडावर बसले आणि म्हणाले, "पोराला बार्शीला सायन्सला घाला. न्हाईच जमलं तर छत्र्या कुठं पळून चालल्यात?" वडिलांनी घातलं.

आज मी शिरवण्याजवळच्या इंडस्ट्रियल एरियात एका खासगी लॅबमध्ये किडे ओळखतो. हेच माझं काम आहे. बिस्किटाच्या पुड्यात काही निघालं की कंपनी ते आमच्याकडे पाठवते. एपीएमसी मार्केटमधला धान्याचा व्यापारी पोत्यातले भुंगे घेऊन येतो. औषधांच्या कारखान्यात एखादी माशी मेलेली सापडली की तिथला माणूस ती पिशवीत घालून घामाघूम होऊन येतो. हा कोण, आला कुठून, धोका आहे का, एवढं लिहून द्यायचं असतं.

याशिवाय सुट्टीच्या दिवशी मी एकाच गटाचा अभ्यास करत आलो आहे. इंग्रजीत त्यांना वेल्व्हेट अँट म्हणतात. नावात मुंगी आहे, पण ती मुंगी नाही, गांधीलमाशी आहे. मादीला पंख नसतात म्हणून ती मुंगीसारखी दिसते, आणि अंगावर दाट मऊ केस असतात म्हणून मखमल. जमिनीत घर करणाऱ्या दुसऱ्या माश्यांची बिळं ती हुडकते, आत शिरते, त्यांच्या कोषाला भोक पाडून आपलं अंडं घालते. तिची अळी आतल्या मालकाला खाऊन मोठी होते. हिचं कवच इतकं टणक असतं की टाचणी घालताना टाचणी वाकते. चिमट्यात धरली तर पोटाचे खवले एकमेकांवर घासून चीं चीं आवाज करते. तांदळाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा माझ्या हातून चिमटा सुटला होता. एवढ्याशा जिवानं माणसाला दरडावलं होतं.

नराची तऱ्हा वेगळी. त्याला पंख असतात. तो बहुतेक वेळा मादीपेक्षा मोठा असतो आणि त्याचा रंगही वेगळा असतो. दोघं शेजारी ठेवले तर हे एकाच जातीचे आहेत असं अभ्यासकही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यामुळे आमच्या पुस्तकांत काही नावं फक्त नरांवरून दिलेली आहेत आणि काही फक्त माद्यांवरून. कोणता नर कोणत्या मादीचा, हे पुष्कळ ठिकाणी अजून कुणालाच माहीत नाही. नियम मात्र साधा आहे. एकाच जातीला चुकून दोन नावं पडली, तर जे आधी छापलं गेलं ते खरं. नंतरचं रद्द.

काही वर्षांपूर्वी पनवेलकडच्या एका टेकडीच्या पायथ्याशी मला दोन माद्या मिळाल्या. तांबडी छाती, काळं पोट, पोटावर पांढऱ्या केसांचे चार ठिपके. पुढचे दोन गोल, मागचे दोन चंद्रकोरीसारखे. मी सगळी पुस्तकं पाहिली, जुने संग्रह पाहिले. अशी मादी कुठंच नव्हती. नवी जात म्हणून मी लेख लिहिला आणि तिचं नाव ठेवलं 'गवारेई'. लेख तपासणाऱ्या ज्येष्ठ अभ्यासकानं समासात एक ओळ लिहिली होती. याच भागातून फक्त नरांवरून वर्णन झालेल्या जाती आहेत, लेखकानं त्यांचा विचार करावा. मी त्यावर एक वाक्य लिहून सुटका करून घेतली. घाईत होतो. त्या उन्हाळ्यात मामांच्या छातीत दुखून त्यांना सोलापूरला हलवलं होतं. ते असताना हे व्हावं असं मला वाटत होतं.

ते बरे झाले. लेखही छापून आला. मी फोन केला.

"म्हंजे माझ्या नावाचा किडा? जगात?"

"हो मामा, जगात."

मग म्हणाले, "ही बाई हाय म्हनतोस. मग बाप्या कुठं हाय?"

"तो अजून सापडला नाही."

"हुडक की मग."

मी हसलो. शाळेनं त्यांचा सत्कार केला. त्या गांधीलमाशीचा फोटो मोठा करून, खाली इंग्रजीत नाव लिहून त्यांच्या घरात लावला गेला. इंग्रजी अक्षरं त्यांना लावून लावून वाचता यायची. शेवटी 'आय' कशाला, असं त्यांनी विचारलं. त्यानं 'गवारेंची' असा अर्थ होतो, असं मी सांगितलं. हे त्यांना फार आवडलं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते त्या शेवटच्या अक्षरावर बोट ठेवून दाखवत, असं त्यांची सून म्हणाली.

आता त्या सोसायटीकडे येतो. दिवाळी होऊन गेली होती. भगत शेठ लॅबमध्ये आले ते जॅमची बाटली घेऊन. माणूस मूळ तिथल्याच गावचा. बापाची शेतं जिथं होती तिथं आता इमारती आहेत, आणि त्यातल्याच एका इमारतीचे हे सेक्रेटरी. बाटली त्यांनी आमच्या बॉस राणे मॅडमच्या टेबलावर ठेवली.

"ह्यो बगा. आईच्या पायाला डसला. दोन दिस पाय भुईला लावत नव्हती."

मॅडमनी बाटली उजेडात धरली. "हे पाणी कसलं?"

"सॅनिटायझर. करोनापासून घरात पडला व्हता."

"शेठ, नमुना सुका आणायचा असतो."

"मॅडम, तो जित्ता व्हता. हातात धरून आनू काय?"

मॅडमनी बाटली माझ्याकडे सरकवली. "काशिद, सोमवारपर्यंत रिपोर्ट."

आत एक काळा, चिकट तुकडा तरंगत होता. केस ओले झाले की अंगाला चिकटतात आणि ठिपके दिसेनासे होतात. हा गट भिजलेला असताना ओळखायला जाऊ नये. मी तो गाळणकागदावर घेतला, टिपला आणि हेअर ड्रायरचा गार झोत लांबून सोडला. मायक्रोस्कोपखाली एकेक केस उभा राहू लागला. आधी छातीचा तांबडा रंग वर आला. मग पोटावर एक पांढरा गोल उमटला, मग दुसरा. शेवटी चंद्रकोरी उगवल्या, दोन्ही.

"मॅडम, साइट बघायला हवी."

"एका किड्यासाठी?"

"माझा किडा आहे."

"तुझा म्हणजे?"

"याचं नाव मी ठेवलंय."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मग जा बाबा. घरचंच कार्य दिसतंय."

सोसायटीच्या मागच्या बाजूला मुलांसाठी वाळू टाकलेली होती. झोपाळा, घसरगुंडी, बाजूनं तगरीचं कुंपण. भगत शेठची आई जिथं नातवंडांना घेऊन बसते, तिथंच तिला डंख झाला होता. वाळूत बोट जाईल एवढी बिळं होती, पंधरा-वीस. एका जातीच्या गांधीलमाश्या तिथं राहत होत्या. त्या घरमाश्या पकडून आणतात आणि बिळात आपल्या अळ्यांना भरवतात. मी बघत असताना एक जण माशी पोटाशी धरून आली, चार इंच बाजूला उतरली, पुढच्या पायांनी वाळू उडवली आणि बरोबर आपल्याच दारात शिरली. तिथं दार दिसत नव्हतं. सगळी वाळू सारखीच होती. तिला मात्र ते माहीत होतं.

"ही डसली का आईला?" भगत शेठनी विचारलं.

"ही नाही. हिच्या घरात जी चोरून शिरते, ती."

ती लगेचच दिसली. वाळूवर तुरुतुरु धावणारा तांबडा-काळा ठिपका. एका बिळाशी थांबायची, मिशांनी वाळू चाचपायची, पुढे जायची. मी गुडघ्यांवर बसलो. माझ्या आयुष्यात मी ही जात जिवंत पाहत होतो ती फक्त तिसऱ्यांदा. गवारेई. मनात म्हणत होतो, मामांना फोटो पाठवायचा.

तेवढ्यात वाळूवरून काहीतरी सरपटल्यासारखं उडत आलं. काळसर, धुरकट पंख, उन्हात त्यावर निळी झाक. जमिनीपासून वीतभर उंचीवर ते डावीकडे-उजवीकडे झोके घेत होतं. ते माझ्या हातावरून गेलं. मागे फिरलं. मग सरळ तिच्यावर उतरलं. तिची मान त्यानं जबड्यात धरली. मला वाटलं, मारतोय. आणि त्यानं तिला उचललं.

मी वीस वर्षं हे वाचत आलो होतो की काही जातींत नर मादीला धरून उडतो. वाचणं वेगळं. जिला पंखच नाहीत, जिचा सगळा जन्म जमिनीवर आणि जमिनीखाली जायचा, ती माझ्या डोळ्यांसमोर वर गेली. तिचे सहाही पाय अंगाशी घट्ट मिटलेले होते. ती धडपडत नव्हती. घसरगुंडीच्या उंचीपर्यंत ती गेली, तगरीच्या कुंपणाकडे वळली आणि एका पानावर दोघं टेकले. मी उठलो. प्लॅस्टिकची डबी खालून लावली, झाकण वरून. दोघं आत.

"नवराबायको का ओ?" भगत शेठ वाकून बघत म्हणाले.

"हो."

"आन बाई पायानं, बाप्या हवेत. आमच्या बिल्डिंगीत उलटा हाय."

मी डबी उन्हात धरली. नराच्या पोटाचा मधला भाग नारिंगी होता, शेवटचा खवला खाचेदार. हा नर मी ओळखत होतो. तो पुस्तकात होता. इंग्रजांच्या काळात, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, कोकणातून पकडलेल्या एका नरावरून त्याचं वर्णन झालेलं होतं. फक्त नरावरून. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ 'धुरकट पंखांची'. मामांनी विचारलेला बाप्या तो हाच होता. आणि त्याचं नाव आधी छापलं गेलेलं होतं.

भगत शेठनी औषधाचं विचारलं ते या वेळी.

मी वाळूतच बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. समोर तेच होते. माझे गुरू, त्यांच्या नावानं ठेवलेलं मादीचं नाव, आणि आता निघालेला हा जुन्या नावाचा नर.

ते विचार करून म्हणाले, "म्हंजे लगीन झाला, नि बाईचा नाव बदलला. एवढाच ना?"

नियम इतका नेमका मला कुठल्या प्रोफेसरनं सांगितला नव्हता. पण प्रश्न तेवढाच नव्हता.

"शेठ, औषध मारू नका. या डंखानं दुखतं खूप, पण जीव जात नाही. आईंना चप्पल घालून बसायला सांगा. आणि या बिळवाल्या तुमच्या कचराकुंडीवरच्या माश्या खातात."

"कमिटी माझा ऐकायची नाय."

"दीड महिना द्या. वर ताडपत्री टाकू नका, नुसती दोरी बांधा. मला खाली काय आहे ते बघायचंय."

"दीड महिना पोरांनी काय करायचा?"

"माझ्याकडून शाळेच्या सुट्टीत एक कार्यक्रम. मायक्रोस्कोप घेऊन येतो."

त्यांनी दोरी बांधली. पाटीही लावली: 'रिसर्च चालू आहे. आत जाऊ नये.' पाटीमुळे पहिल्या दिवशी निम्मी सोसायटी बघायला आली, ते वेगळं.

एका जोडीवरून निकाल देता येत नाही. नर चुकून दुसऱ्या जातीच्या मादीला धरू शकतो. असं घडल्याची उदाहरणं आहेत आणि मी मनातून त्यालाच चिकटून बसलो होतो. खात्रीचा मार्ग म्हणजे कोष. मी एका बिळाचा माग धरून चमच्यानं वाळू काढली आणि त्यातून नऊ कोष मिळाले. वाळूचे कण चिकटवून केलेले, खारकेच्या बीसारखे. एकेका काचनळीत एकेक ठेवला, तोंडाला कापूस लावला, लॅबमधल्या माझ्या खणात ओळीनं मांडले.

तीन आठवड्यांनी त्यातून माशी धरणाऱ्या गांधीलमाश्या निघू लागल्या. कोषाच्या मूळ मालक. सहा निघाल्या. एक कोष काळा पडून वाया गेला. उरलेले दोन नुसते पडून होते. रोज चहाआधी मी खण उघडायचो. मामांच्या नावासाठी मी काय मागत होतो ते सांगतो. दोन्हींतून मादी निघावी. किंवा काहीच निघू नये.

एका मंगळवारी आठव्या नळीत मादी होती. कोषाला बाजूनं गोल भोक, आणि ती कापसाला मिशा लावून उभी. चंद्रकोरी नव्या कोऱ्या, मी पाहिलेल्या सगळ्यांपेक्षा पांढऱ्या. पाच दिवसांनी नवव्या नळीत धुरकट पंख.

एकाच बिळातून, शेजारच्या दोन कोषांतून. दोघांचा एकेक पाय मी एका कॉलेजात डीएनएचं काम करणाऱ्या मैत्रिणीला पाठवला. पनवेलच्या टेकडीवरच्या माझ्या जुन्या मादीचाही एक पाय पाठवला. मैत्रिणीचा निरोप आला, "तिन्ही एकच. शंका नाही."

राणे मॅडमना सांगितलं. त्या टिफिन उघडत होत्या.

"शेठच्या रिपोर्टात काय लिहिलंस?"

"वेल्व्हेट अँट, मादी. धोका कमी, औषधाची गरज नाही."

"मग आपलं काम झालं. बाकी तुझा विषय." त्यांनी दोन घास खाल्ले. "हे दुसऱ्या कुणाच्या लक्षात येईल?"

"येईल. कधी ना कधी."

"कधी?"

"दहा वर्षं लागतील. वीसही लागतील. आमच्या गटावर काम करणारे लोक बोटांवर मोजण्याएवढे."

"आणि तुझे मामा किती वर्षांचे?"

"ऐंशीच्या पुढे."

मॅडमनी डबा माझ्याकडे सरकवला, भरल्या वांग्याचं एक वांगं दिलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं आणि त्यांनी ते म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आठ दिवस मी काहीच केलं नाही. नवव्या दिवशी नळ्यांतली, मारून ठेवलेली ती दोघं सुकली होती आणि त्यांना टाचणी लावायची होती. नराला साधी लागली. मादीला दोन टाचण्या वाकल्या, तिसरी गेली. चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. खांदेश्वर. तारीख. द. काशिद. दोन्हींवर सारखंच. मग जातीच्या नावाची चिठ्ठी. नराखाली जुनं नाव लिहिलं. मादीची चिठ्ठी घेतली आणि 'ग' काढायला पेन टेकवलं. डोळ्यांसमोर दोघं एका खणात, एका बिळातली भावंडं. भावाचं एक नाव आणि बहिणीचं दुसरं, असं मी माझ्या हातानं लिहिणार होतो. तो कागद मी चुरगळून टाकला आणि दुसऱ्या चिठ्ठीवर जुनं नाव लिहिलं. लेख त्या आठवड्यात लिहून झाला. लांब नव्हता. चूक थोडक्यात सांगता येते.

माझ्या पहिल्या मादीच्या टाचणीवर मीच लावलेली 'गवारेई'ची चिठ्ठी होती. आमच्या धंद्यात जुनी चिठ्ठी काढत नाहीत. चुकीची असली तरी नाही. तिच्याखाली नवी लावतात, म्हणजे पुढच्याला कळतं की कोण काय समजलं होतं. मी नवी लावली.

सोसायटीनं औषध मारलं नाही. भगत शेठनी कमिटीला काय सांगितलं ते मला माहीत नाही. शाळेच्या सुट्टीतला कार्यक्रम झाला, त्यांची आई सगळ्यांत आधी मायक्रोस्कोपशी बसली. पोरं मागे खोळंबली. तिनं आपल्याला डसलेली पुन्हा पुन्हा पाहिली आणि म्हणाली, "केवढी सजलीय रं."

या सगळ्यातून मी शिकलो ते एवढंच. मादी सापडली की आधी नर शोधावा. नाव काय, नंतरही ठेवता येतं. आणि समासात कुणी एक ओळ लिहिली असेल तर ती दोनदा वाचावी.

लेख छापायला गेल्यावर मी मामांना पत्र लिहिलं. फोनवर मला बोलता आलं नसतं. ते पत्र असं.

आदरणीय मामांस,

दत्ताचा साष्टांग नमस्कार.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला मोठं अक्षर वाचता येतं, असं तुमच्या सूनबाई म्हणाल्या, म्हणून मोठं लिहितोय. आधी तुम्ही स्वतः वाचा. मग घरात कुणाला द्यायचं तर द्या.

तुमच्या नावाच्या गांधीलमाशीचा नर सापडला. पण त्याला आधीच एक नाव होतं, शंभर वर्षांहून जुनं. आमच्या नियमानं दोघांना एकच नाव लागतं आणि जुनं असेल ते लागतं. त्यामुळे तुमचं नाव आता तिला चालणार नाही. मी ठेवलं होतं, मीच लेख लिहून मागे घेतलं.

तुम्हाला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही लगेच हो म्हणाला असता, आणि माझी चूक निस्तरायचं काम तुमच्यावर आलं असतं. नर शोधायच्या आधी मी नाव ठेवलं. तुम्ही दवाखान्यात होता आणि मला धीर नव्हता. गावात लोक विचारतील. कुणी हसलंच तर माझं नाव सांगा.

पण मामा, जे पाहिलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो वरून आला, तिची मान धरली आणि तिला घेऊन उडाला. ती पाय मिटून गप्प होती. तिला वर काय दिसलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. त्या वेळी तुम्ही माझ्या शेजारी असायला हवे होतात. तिथल्याच एका बिळातून निघालेली त्यांच्या जातीची दोन भावंडं, एक नर आणि एक मादी, मी टाचणीला लावलीत. मादीला टाचण्या फार लागल्या. पुढच्या महिन्यात भूमला येतो, तेव्हा घेऊन येतो. लेन्सही आणतो.

आणखी एक. आमच्याकडे रद्द झालेलं नाव खोडून टाकत नाहीत. पुस्तकात वर खरं नाव असतं आणि त्याच्याखाली, जरा आत सरकवून, रद्द झालेलं. त्याच्यापुढे ते ठेवणाऱ्याचं आडनाव. यापुढे कुणीही, कुठल्याही देशात, या जातीची सगळी हकीकत लिहायला बसला तर त्याला ती ओळ लिहावी लागेल. मी ती छापायला दिली तेव्हा नीट पाहून घेतली. 'गवारेई काशिद' अशी आहे. चूक माझी आहे, पण ती तुमच्या शेजारी छापली गेली.

तुमचा,
दत्ता